कापायचंच असेल तर प्रत कापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डेकुपाजवर लेख आला होता, लाकडाच्या पेटीवर, ट्रेवर कागदाची कात्रणं चिकटवून वर वॉर्निश मारायचं ते काम, तो वाचून खूप आनंद झाला, कारण आमच्या बडोद्यात हल्ली याचे क्लास जोरात चालतात, दिवाळीच्या आधी कितीतरी बायका ट्रे, दिवे, चहाचे डबे करून विकतात आणि मराठी पेपरात त्याबद्दल काही छापून येत नाही. फोटो पण छान होते. पण लेखाच्या शेवटी एक सल्ला दिलाय की महागडे इम्पोर्टेड छापील कागदी नॅपकिन कशाला, घरात पडलेले जुने दिवाळी अंक, जुनी कॅलेंडरं, देवांच्या जुन्या तसबिरी यातली चित्रं कापून वापरा. तो वाचल्यापासून मला चैन नाही. सल्ला देणाऱ्या ताईंचा हेतू चांगलाच आहे, बाहेरचं विकत आणण्यापेक्षा आपलं वापरा हे मला शंभर टक्के पटतं, पण कृपा करून मूळ चित्राला कात्री लावू नका. त्याची प्रत काढा आणि ती प्रत कापा. एवढंच सांगायला हे पत्र आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हे मी उगीच घाबरून लिहीत नाहीये. उन्हाळ्यात मी आमच्याच भागातल्या एका क्लासला जात होते, तिथे एक मुलगी आजीच्या घरातली सरस्वतीची तसबीर घेऊन आली. वाडा विकला गेला, सामानाची वाटणी झाली, त्यात ही तिच्या वाट्याला आलेली. मागचा पुठ्ठा काढून चित्र बाहेर घेतलं तर जुना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत छापील चित्र, कागदावर कॅनव्हाससारखी बारीक वीण उठवलेली, वरचं रोगण पिवळं पडलेलं, आणि देवीच्या साडीच्या काठावर कोणीतरी खऱ्या जरीची किनार चिकटवलेली. गळ्यात मोहरीएवढे मणी, मुकुटावर टिकल्या. टिकल्या काळ्या पडल्या होत्या पण सगळ्या जागच्या जागी होत्या. त्या घरातल्या कोणा बाईने दुपारची कामं आटपून बसून हे केलं असणार. क्लासच्या बाई म्हणाल्या, वा काय सुंदर, हे आपण टिशू बॉक्सवर घेऊया. मग वॉर्निश सारखं बसणार नाही म्हणून जरी उचकटली, मणी सुरीने खरवडले, वीणा बॉक्सच्या मापात बसेना म्हणून अर्धी कापली, मोर वेगळा काढला झाकणासाठी, बाकीचा कागद रद्दीत. मी म्हटलं अहो थांबा, आधी कॉपी तरी काढून घेऊ, तर म्हणे ताई, अशा तसबिरी ढिगाने मिळतात.

ढिगाने मिळत नाहीत हो. एकेकाळी मिळायच्या. आणि बडोद्याच्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये, कारण हा सगळा प्रकार आपल्या दारातून सुरू झालाय. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्मांना १४ पौराणिक चित्रं काढायला सांगितली, ती बघायला लोकांनी गर्दी केली. पण महालात येऊन चित्र बघणारे किती असणार, बाकीच्यांनी काय करायचं, तर छापील प्रती काढून चित्रं लोकांपर्यंत न्यावीत हे रविवर्मांना त्याआधीच पत्र लिहून सुचवणारे सर टी. माधवराव, ते पण आपल्याच बडोद्याचे माजी दिवाण. मग १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घराघरात पोचल्या. तो कारखाना गेल्या शतकात सत्तरच्या दशकात आगीत जळाला, कितीतरी मूळ छापील चित्रं त्यात गेली. म्हणजे आता जे काही उरलंय ते घरांच्या भिंतीवर, माळ्यावर आणि ट्रंकेत.

आणि त्या जरी-टिकल्यांचं म्हणाल तर ती आपली स्वतःची कला होती. रविवर्माची छापील चित्रं आणून बायका त्यावर कापडाची साडी, जर, मणी, टिकल्या चिकटवायच्या, त्यामुळे एकाच छापाची लक्ष्मी दोन घरात वेगवेगळी दिसायची. आज संग्रहालयवाले अशी सजवलेली चित्रं शोधत असतात. आपल्या पणज्यांनी चित्रावर चिकटवलं, चित्र कापलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. ज्यांनी त्या क्लासमध्ये ते खरवडलं त्यांनी एका बाईचं हातकाम काढून टाकून त्याच जागी स्वतःचं केलं, आणि दोन्ही कामं खरं म्हणजे एकाच जातीची, कागद, डिंक, चिकाटी.

युरोपात सुद्धा हेच झालंय. पॅरिसमध्ये १७२७ साली मादमोआझेल आइस्से नावाच्या बाईने एका पत्रात लिहून ठेवलंय की इथे रंगवलेली छापचित्रं कापायचं वेड लागलंय, लहानथोर सगळे कापत बसलेत, पुठ्ठ्यावर चिकटवून वॉर्निश मारतात आणि त्याचे भिंतीचे तक्ते, आडपडदे करतात, एकेक शंभर लिव्र (तिथलं तेव्हाचं नाणं) किमतीची चित्रं सुद्धा कापतात, असंच चाललं तर उद्या राफाएलसारख्या थोर चित्रकाराची चित्रं कापतील. जवळपास तीनशे वर्षं झाली या पत्राला आणि वाचताना वाटतं कोणी आमच्या क्लासबद्दलच लिहिलंय.

पण त्याच काळात व्हेनिसकडच्या लोकांनी याच्यावर फार चांगला तोडगा काढला होता. चीन-जपानहून लाखेचं फर्निचर यायचं ते भयंकर महाग, म्हणून तिकडच्या कारागिरांनी साध्या लाकडावर रंग देऊन, वर कागदाची चित्रं चिकटवून, वॉर्निशचे हातावर हात देऊन तसाच गुळगुळीतपणा आणायला सुरुवात केली. गरिबाची लाख म्हणायचे त्याला. आणि यासाठी चित्रं लागणार तर बस्सानो गावचे रेमोंदिनी नावाचे छापखानेवाले खास कापण्यासाठीच कागद छापायला लागले. एकेका कागदावर माणसं, पक्षी, झाडं, फुलं, घ्या आणि कापा. कोणाच्या घरातलं जुनं चित्र फाडायची गरज उरली नाही. मला जे म्हणायचंय ते सगळं याच्यात आलं, आपल्याला असेच कापायचे कागद पाहिजेत. त्याच्यावर शेवटी येते.

आता कोणी म्हणेल हे सगळं भावनेचं झालं. तर कामाच्या दृष्टीने पण सांगते, मूळ जुना कागद या कामाला अजिबात चांगला नाही. तसबिरीचा कागद जाड असतो, चिकटवल्यावर त्याची कड उभी राहते आणि ती कड वॉर्निशखाली बुडवायची म्हणजे हातावर हात देत बसा, जुन्या काळी ३०-४० हात देत म्हणतात ते याच्यासाठीच. आजकाल कोण देतंय तेवढे, पाच-सहा हातात काम उरकतात आणि मग वर्षभरात कड उचकटते, त्यात धूळ बसते. दिवाळी अंकांचं वेगळं दुखणं. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत आणि त्यातले बरेच जुने अंक साध्या कागदावर छापलेले, तो कागद आतून पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, कात्री वळवली की कोपरा तुटतो आणि डिंकाचं पाणी लागलं की विरघळल्यासारखा होतो. शिवाय दोन्ही बाजूंनी छापलेला. ओला झाला की मागची छपाई पुढे दिसते, मग चित्रकार दीनानाथ दलालांच्या नायिकेच्या गालावर मागच्या पानावरच्या साबणाच्या जाहिरातीची अक्षरं उमटतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, ट्रे फेकून द्यावा लागला आणि अंक तर गेलाच होता. एक मुखपृष्ठ गेलं की तो अंक लायब्ररीवाले पण घेत नाहीत.

प्रत काढणं आता किती सोपं आहे. चित्र काचेतून बाहेर काढा, काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तसंच राहू दे, काचेसकट फोटो घ्या. चांगल्या दुकानात ६०० डीपीआयला स्कॅन करून मिळतं. स्कॅन झाला की चित्र परत तसबिरीत, आणि फाइल आयुष्यभर तुमची, लहान करा, मोठं करा, आरशासारखं उलटं करा म्हणजे पेटीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन मोर येतील, मूळ चित्रातून हे कधीच जमलं नसतं. प्रिंट मात्र लेझरवर काढा. घरच्या इंकजेटवर काढली तर शाई पाण्याने पसरते, म्हणजे त्यावर आधी वॉर्निशचा एक पातळ हात मारून वाळवल्याशिवाय चिकटवूच नका. कागद पातळ घ्या, साधा ८० जीएसएम, म्हणजे नेहमीचा झेरॉक्सचा, पुरतो, जाड फोटो पेपर नको.

हक्कांचं पण बघायला हवं. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं कोणीही वापरू शकतो. कायद्याने चित्रकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, दलाल १९७१ साली गेले, चित्रकार रघुवीर मुळगावकर त्याच्यानंतर, म्हणजे त्यांची चित्रं घरच्या ट्रेवर लावलीत तर कोणी विचारणार नाही पण विकायला करणार असाल तर वारसांना विचारायला हवं. विकणाऱ्या बऱ्याच जणी हे विचारात घेत नाहीत.

कापायचं तंत्र क्लासमध्ये घाईघाईत शिकवतात म्हणून इथे दोन गोष्टी लिहिते, कारण प्रत असली की मन लावून कापता येतं, बिघडली तर दुसरी काढू ही मोकळीक असते. आधी आतले बारीक भाग कापायचे, म्हणजे वीणेच्या तारांमधली जागा, हाताच्या आणि कमरेच्या मधली जागा, आणि बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, नाहीतर चित्र हातात लुळं पडतं आणि आतलं कापता येत नाही. नखं कापायची वाकडी कात्री असते ती घ्या. कात्रीचा हात जवळजवळ स्थिर ठेवायचा आणि डाव्या हाताने कागद तिच्यात फिरवायचा. कापून झाल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, तिच्यावर त्याच रंगाची पेन्सिल फिरवा, एवढ्याशा गोष्टीने काम कुठल्या कुठे जातं. चिकटवायला फेविकॉल थोडं पाणी घालून, वस्तूला पण लावायचा आणि कात्रणाच्या पाठीला पण, मग वर प्लास्टिकचा कागद ठेवून मधून बाहेरच्या बाजूला बोटाने हळूहळू दाबत हवा आणि जास्तीचा गम काढायचा. कडेपासून आत आलात की फुगा मधे अडकलाच. माझे सासरे पुस्तकं बांधायचे, ते गव्हाची खळ करून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून, त्यांनी बांधलेल्या वह्या अजून उघडल्या तरी पाठ सुटत नाही. घरात लहान मुलं असतील तर मोरचुदाच्या भानगडीत पडू नका, विषारी असतं ते.

वॉर्निशबद्दल पण लेखात घाई झालीय. बडोद्याच्या पावसाळ्यात लाखेचं पॉलिश मारलंत तर हवेतल्या ओलीने त्यावर दुधासारखी झाक येते, आणि वरून गरम कप ठेवला की पांढरं कडं उठतं, म्हणून ट्रेला पाण्यावरचं ॲक्रिलिक वॉर्निशच बरं. तेलाचं चकचकीत दिसतं पण ते दिवसेंदिवस पिवळं होत जातं, पांढऱ्या बॅकग्राउंडवर तर लगेच कळतं. एक हात पूर्ण वाळू द्या, मग बारीक काचपेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा, पुसा, दुसरा हात. पहिले तीन-चार हात बसेपर्यंत काचपेपरला हात लावायचा नाही नाहीतर चित्राचाच रंग निघतो. आणि ज्या भागात खायचं ठेवणार तिथे हे काम करूच नका, बाहेरून करा.

खरी लाख बघायची असेल तर डभोईच्या पुढे संखेडा आहेच. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाकूड चरकावर फिरवून, कथलाच्या वर्खाने नक्षी काढून, अकीक दगडाने घासून मग लाख देतात आणि ती रुपेरी नक्षी लाखेखाली सोनेरी होऊन दिसते. आपल्याकडे लग्नात संखेड्याचा झोपाळा द्यायची पद्धत होती, अनेक घरात असेल. व्हेनिसवाले ज्याची नक्कल करत होते तसलं काम आपल्याकडे तासा-दीड तासाच्या वाटेवर होतं आणि आपण त्याच झोपाळ्याच्या बाजूला बसून पॅरिसचा टॉवर आणि गुलाबाचे नॅपकिन चिकटवतो, याचं मला वाईट वाटतं. नॅपकिन वाईट नाहीत, तीन पदरांतले खालचे दोन सोडवून वरचा छापील पदर लावला की रंगात अगदी विरघळून जातो, शिकणाऱ्याला सोपं पडतं. पण कायम तेच का. आपल्या बडोद्यातल्या जुन्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर काय काय रंगवलेलं आहे, फोटो काढून आणा. उत्तरायण झाल्यावर गच्चीवर पतंगांचा कागद किती पडतो, इतका पातळ आणि इतक्या रंगांचा कागद जगात कुठे शोधायला जाणार, फक्त ओला झाला की रंग सोडतो म्हणून आधी वॉर्निशने बांधून घ्या.

आणि चित्र मिळत नाही म्हणून जुनं कापलं असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी मेरी डिलेनीचं काम बघावं. इंग्लंडमधली बाई, १७०० साली जन्मलेली, नवरा गेल्यानंतर वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या आसपास तिने रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. कोणाचं छापील चित्र नाही, समोर खरं फूल ठेवायचं आणि कात्रीने पाकळी, शीर, पुंकेसर कापून काळ्या कागदावर एकावर एक चिकटवायचं. डोळे साथ देईनासे होईपर्यंत करत राहिली, जवळपास हजार झाली, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या बाजूला जास्वंद, पारिजात, सोनचाफा आहे. माझ्या ओळखीच्या एका आजींनी पतंगाच्या कागदाचा गुलमोहर केलाय, एक पाकळी ठिपक्यांची असते तीसुद्धा त्यांनी तशीच केलीय. त्याच्यासमोर विकतचा नॅपकिन बघवत नाही.

आता मागणी. आपल्या पेपरचा दिवाळी अंक निघतो, त्यात दरवर्षी रंगीत पानं असतात. यंदा त्यातलं एक पान कापण्यासाठी छापाल का? पातळ पण चांगल्या कागदावर, एकाच बाजूला, मागची बाजू पूर्ण कोरी ठेवून, तिथे जाहिरात नको. रोजच्या पेपरवर छापलंत तर उपयोग नाही, तो कागद महिन्यात पिवळा होतो. रविवर्माच्या चित्रांतले मोर, कमळं, हंस, वाड्यांच्या भिंतींवरची वेलबुट्टी, एवढं दिलंत तरी शेकडो घरांतल्या तसबिरी वाचतील. जुनी चित्रं कोणाकडे आहेत ते विचारायला एक छोटी चौकट छापलीत तर बडोद्याचे लोक स्कॅनसाठी नक्की देतील, माझ्याकडे सासूबाईंच्या दोन आहेत, त्यातल्या लक्ष्मीच्या पदरावर जर आहे, त्या मी स्वतः घेऊन येईन आणि तुमच्या ऑफिसात बसून स्कॅन झाल्या की परत नेईन. आणि पुरवणीतल्या त्या लेखाबद्दल पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा टाका, की जुने अंक आणि तसबिरी थेट कापू नयेत, आधी प्रत काढावी. दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत आला तर बरं, कारण माळे तेव्हाच उघडतात.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा